तीन एम.एम. की पाच? घरच्या कामांसाठी ॲक्रिलिक शीट निवडताना

ॲक्रिलिकच्या दुकानात शिरल्यावर भाव विचारायच्या आधी तीन गोष्टी ठरलेल्या हव्यात: शीट घरात नेमकी कुठे बसणार, तिच्यावर भार किती येणार आणि रोज ती कशाने पुसली जाणार. या तिन्हींची उत्तरं आपल्याकडे असली की जाडी, प्रकार, कापण्याची पद्धत सगळं आपोआप ठरत जातं. मी हे शिकले ते घरातली काही कामं ॲक्रिलिकमध्ये करून घेताना. स्वयंपाकघरातल्या जुन्या सागवानी फडताळाची दारं, सासूबाईंच्या सावंतवाडीच्या गंजिफांसाठी, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांसाठी, भिंतीवर लावायची पेटी आणि मुलाच्या टेबलावरचं एक छोटं शेल्फ. तिन्हींना लागलेली शीट वेगवेगळी निघाली.

फडताळाच्या एका दाराची काच तडकली होती. दुसरी काच बसवणं सोपं होतं, पण सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, त्यांचा हात थरथरतो, आणि घरात धावपळ करणारी नातवंडं. शिवाय त्या फडताळाच्या बिजागऱ्या जुन्या पितळी आहेत आणि लाकडातल्या स्क्रूंची पकड सैल झाली आहे. पाण्याची घनता १ धरली तर काचेची साधारण २.५, ॲक्रिलिकची १.१९, म्हणजे तेवढ्याच जाडीला वजन निम्म्याहून कमी. माझ्यासाठी हे एवढं कारण पुरेसं होतं.

पहिल्यांदा ऑनलाइन शोधलं. तिथे ए-फोर मापाचे तुकडे भरपूर मिळतात, पण चौरस फुटाचा हिशोब मांडला की ते फार महाग पडतात आणि वर्णनात बहुतेक वेळा ‘क्लिअर, हाय क्वालिटी’ यापलीकडे काही नसतं. कास्ट (ओतून केलेली) की एक्स्ट्रूडेड (रोलरमधून काढलेली), हे क्वचितच लिहिलेलं असतं. कीचेन किंवा फोटोची एखादी चौकट करायची असेल तर ते तुकडे ठीक. दारासाठी दोन-अडीच फुटांची शीट कुरियरने मागवायचा मात्र माझा धीर झाला नाही, कारण ॲक्रिलिकचा कोपरा आपटला की टवका उडतो.

मग पुण्यातल्या पेठेत गेले. बोहरी आळीच्या आसपास हार्डवेअर, प्लॅस्टिक, पॅकिंगचं सामान असं सगळंच मिळतं, त्यामुळे तिथून सुरुवात केली. एका दुकानात फोटोफ्रेमवाले नेतात ती स्वच्छ पारदर्शक शीट दाखवली. भाव चांगलाच कमी. “ॲक्रिलिकच आहे ताई, सगळे हेच नेतात.” हाताला ती हलकी लागली आणि वाकवल्यावर करकर आवाज आला. मी हातभर कापून मिळतो तसा एक तुकडा घेतला आणि घरी येऊन मिठाच्या पाण्याची परीक्षा केली.

ही परीक्षा कुणालाही करता येते आणि तिच्यात काही जाळावं लागत नाही. एक लिटर पाण्यात साधारण पावणेदोनशे ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवायचं. त्या पाण्याची घनता १.१ च्या आसपास येते. पॉलिस्टायरीन या स्वस्त पारदर्शक प्लॅस्टिकची घनता १.०५, म्हणून ते वर तरंगतं. ॲक्रिलिक १.१९, ते तळाला जातं. तुकडा बोटाने पाण्याखाली दाबून त्याला चिकटलेले बुडबुडे झटकायचे आणि मग सोडायचा, नाहीतर बुडबुडेच त्याला वर आणतात. माझा तुकडा सोडल्याबरोबर वर आला. म्हणजे ते पॉलिस्टायरीन होतं. फोटोफ्रेमच्या काचेच्या जागी ते चालतं, पण ते ठिसूळ असतं, उन्हात पिवळं पडतं आणि दाराला लावलं असतं तर एखाद्या धक्क्यात चीर गेली असती. ही परीक्षा ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट हे आणखी एक पारदर्शक प्लॅस्टिक यांच्यात मात्र फरक दाखवत नाही. दोन्ही बुडतात, कारण पॉलिकार्बोनेट १.२० आहे.

खरा शोध लागला तो बोर्ड आणि ट्रॉफी करणाऱ्यांकडे. दुकानांच्या पाट्या, चमकणारी अक्षरं, समारंभातली स्मृतिचिन्हं हे सगळं ज्या कारखान्यांत होतं तिथे ८ बाय ४ फुटांच्या अख्ख्या शीटा येतात आणि काम झालं की भिंतीशी कटपीसचा ढीग साठतो. दोन फूट बाय दीड फूट, तीन फुटांची पट्टी, असे तुकडे. त्यांच्या कामाला ते निरुपयोगी, पण घरातल्या छोट्या कामाला अगदी पुरेसे. शिवाय हे लोक रोज हाच माल कापतात, चिकटवतात, म्हणून कुठल्या शीटला काय होतं हे त्यांना पाठ असतं. घरच्या कामासाठी ॲक्रिलिक शोधणाऱ्याला मी पहिला सल्ला हाच देईन: आधी आपल्या भागातला पाट्या करणारा गाठा, शीटचं दुकान नंतर.

आमच्या जवळच्या अशा एका कारखान्याचे मालक साठीचे आहेत. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणू लागले. मी मापाचा कागद पुढे केला तर त्यांनी तो बाजूला ठेवला आणि विचारलं, “लेसरवर कापायचंय की हाताने? आणि चिकटवायचंय का कुठे?” या दोन प्रश्नांवरून ते कास्ट द्यायची की एक्स्ट्रूडेड हे ठरवतात.

कास्ट शीट दोन काचांच्या मध्ये द्रव ओतून, कडेने गॅस्केट लावून, गरम करून हळूहळू घट्ट होऊ देतात. एक्स्ट्रूडेड शीट दाणे वितळवून रोलरमधून सलग पट्ट्यासारखी काढतात. रसायन दोन्हींचं एकच, पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. पण बनवण्याच्या रीतीमुळे स्वभाव वेगळा. एक्स्ट्रूडेड स्वस्त आणि जाडीला एकसारखी, पण उष्णतेला लवकर मऊ होते. ड्रिल करताना बिटाला चिकटते आणि लेसरवर कडेला वितळलेला थर साठतो. कास्टची कड लेसरवर काचेसारखी चकचकीत निघते, कोरीव काम पांढरंशुभ्र उठतं आणि चिकटवताना ती जास्त सोशिक असते. तिची एकच खोड म्हणजे जाडी. काकांनी व्हर्नियर माझ्या हातात दिला आणि ३ एम.एम. म्हणून ठेवलेल्या एका कास्ट तुकड्याचे चारही कोपरे मोजायला सांगितले. एका कोपऱ्यात २.७ आणि समोरच्या कोपऱ्यात ३.१ आलं. “माल खराब नाही हा,” ते म्हणाले, “कास्ट अशीच असते. खाचेत खाच बसवायचं काम असेल तर आधी मोजायचं आणि मगच खाच काढायची.” दोन शीटांवर कागद चढवलेला असताना प्रकार ओळखायचा असेल तर व्हर्नियरचा हा उपाय उपयोगी पडतो: चारही कोपरे अगदी सारखे भरले तर बहुधा एक्स्ट्रूडेड.

दारांसाठी काकांनी ४ एम.एम. सुचवली. मी ३ म्हणत होते. त्यांनी दाराएवढाच ३ एम.एम.चा तुकडा दोन्ही हातांनी धरून हलवला. पंख्याच्या पात्यासारखा तो मध्ये फडफडला. ॲक्रिलिक काचेच्या मानाने वीसेक पट लवचीक आहे, त्यामुळे काचेच्या सवयीने जाडी निवडली की फसगत होते. यातली चांगली बाजू अशी की कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. जाडी दुप्पट केली तर वाकणं आठपटीने कमी. म्हणून एका एम.एम.ने सुद्धा हाताला फरक कळतो, आणि खिशालाही तो फार जड जात नाही.

पुढचा मुद्दा सुताराशी झालेल्या चर्चेचा. त्याला काच बसवायची सवय, त्यामुळे चौकटीच्या खाचेत शीट घट्ट बसली पाहिजे असं त्याचं म्हणणं. पण ॲक्रिलिक तापमानाने बरंच वाढतं-आटतं. दर मीटरला दर अंश सेल्सिअसला साधारण ०.०७ मि.मी. पुण्यात थंडीतली पहाट आणि एप्रिलमधली दुपार यांच्यात ३० अंशांचा फरक सहज पडतो. म्हणजे ९० सें.मी. उंचीच्या दारात जवळजवळ २ मि.मी. वाढ. जागा ठेवली नाही तर शीट फुगून मध्ये कमान येते. “वहिनी, मग खडखड नाही का करणार?” असं त्याने विचारलं. म्हणून खाचेत आत पातळ फेल्टची पट्टी चिकटवून घेतली, शीट चारही बाजूंनी दीड-दीड मि.मी. कमी मापाची कापली आणि बाहेरून लाकडी बीडिंग लावलं. खिळे फक्त लाकडात गेले, शीटमधून एकही नाही. जिथे शीटला भोक पाडावंच लागतं तिथेही भोक स्क्रूपेक्षा मोठं हवं, त्यामागे हेच कारण.

हे दार ओट्याच्या समोरच्या भिंतीवर आहे, शेगडीपासून दूर. ते मुद्दाम सांगते. ॲक्रिलिक पेटतं. साधारण १०० अंशांच्या आसपास ते मऊ पडायला लागतं आणि सतत वापरासाठी सत्तर-ऐंशी अंशांच्या वर जाऊ देऊ नये. शेगडीच्या मागे तेल उडू नये म्हणून ॲक्रिलिक लावलेलं मी एका घरात पाहिलं आहे, आणि पाहून पोटात गोळा आला. तिथे टफन्ड काच किंवा स्टील, दुसरं काही नको.

कापण्याबद्दल. ३ एम.एम. पर्यंतची शीट घरी कापता येते. आकडीसारख्या पात्याचा ॲक्रिलिक कटर स्टेशनरीच्या मोठ्या दुकानात मिळतो. पोलादी पट्टी घट्ट दाबून एकाच रेघेवरून पातं आठ-दहा वेळा ओढायचं, प्रत्येक वेळी बारीक भुगा निघायला हवा. रेघ तिसरा हिस्सा खोल गेली की ती टेबलाच्या कडेवर आणून चिक्की मोडावी तसा एकच ठाम दाब द्यायचा. हळूहळू वाकवत बसलं तर तुकडा रेघ सोडून भलतीकडे फाटतो. ४ च्या वर मी मशीनवरच कापून घेते. लेसरवाला मापं मि.मी.मध्ये मागतो, इंच आणि सूत तिथे चालत नाही. आलेखाच्या कागदावर नीट काढलेलं चित्र दिलं तरी बहुतेक ठिकाणी ते स्वतः फाईल करून देतात. पारदर्शक पी.व्ही.सी. लेसरवर कधीच चालवत नाहीत, कारण त्यातून हायड्रोजन क्लोराईड वायू सुटतो. चांगला लेसरवाला म्हणूनच बाहेरून आणलेली शीट घेताना खोदून चौकशी करतो. त्याचा राग मानू नये.

आता गंजिफांची पेटी. या कामात माझा जीव गुंतला होता. दशावतारी गंजिफेत दहा रंग असतात, प्रत्येकात बारा पानं, एकूण १२०. सासूबाईंकडचा संच त्यांच्या माहेरचा. त्यातली दहा अवतारांची दहा राजापानं पाच-पाचच्या दोन ओळींत मांडायची होती. हाताने रंगवलेली, लाखेने चकाकणारी गोल पानं. त्यांच्यावर धूळ नको, हात नको आणि प्रकाश कमीत कमी.

साधं क्लिअर ॲक्रिलिक ९२ टक्के प्रकाश आरपार जाऊ देतं, जे नितळ दिसण्याच्या दृष्टीने उत्तमच आहे. पण अतिनील किरणांचा काही भागही त्यातून जातो. ते अडवणारी वेगळी ग्रेड मिळते, संग्रहालयं आणि चित्रांच्या चौकटी करणारे ती वापरतात. काकांकडे ती नव्हती आणि छोट्या तुकड्यासाठी मागवणं परवडत नव्हतं. म्हणून आम्ही जागा बदलली. खिडकीसमोरची भिंत सोडून, बैठकीच्या खोलीतली ज्या भिंतीवर कधीच ऊन येत नाही ती धरली. शीटवर पैसे घालण्याआधी भिंत तपासली हे चांगलंच झालं. दुसरं म्हणजे शीट पानांना टेकू द्यायची नाही. रंगवलेल्या पृष्ठभागाला ती चिकटू शकते, आणि ॲक्रिलिकवर स्थिर वीज साठते म्हणून रंगाचे सैल कण ती ओढून घेते. पानं आणि झाकण यांच्यात ५ मि.मी. मोकळी जागा ठेवली.

पेटी ३ एम.एम. कास्टची, पाच बाजू लेसरवर कापलेल्या. जोडणी काकांच्या कारागिराने केली आणि मी शेजारी उभी राहून पाहिली. आधी त्याने लेसरने चमकवलेल्या ज्या कडा चिकटवायच्या होत्या त्यांच्यावरून पात्याची पाठ ओढून ती चमक काढून टाकली. विचारलं तर म्हणाला, “लेसरने कडेला ताण येतो. त्यावर सोल्युशन लागलं की आतून केसासारख्या चिरा सुटतात.” मग काटकोनाच्या गुणियात दोन बाजू उभ्या केल्या. इंजेक्शनच्या बारीक सुईने पाण्याइतकं पातळ द्रव सांध्याच्या एका टोकाला सोडलं. ते आपसूक सांध्यातून धावत दुसऱ्या टोकापर्यंत गेलं आणि पांढुरकी रेघ बघता बघता नितळ झाली. हा गोंद नाही. तो दोन्ही कडा विरघळवतो आणि त्या एकमेकांत मिसळून घट्ट होतात. म्हणूनच दोन कडांमध्ये फट असेल तर हे द्रव ती भरून काढत नाही, कड सरळच लागते. झटपट चिकटणारा गोंद त्यांनी कधीच वापरला नाही, कारण त्याने सांध्याभोवती पांढरा धुरकट थर बसतो.

ते द्रव म्हणजे बहुतेक ठिकाणी क्लोरोफॉर्म किंवा मिथिलीन क्लोराईड. दोन्हींची वाफ घातक. लहान बाटलीत घरी नेता येतं, पण मी नेलं नाही, आणि बंद खोलीत, मुलांजवळ कुणीच ते वापरू नये. छोट्या पेटीची जोडणावळ फार पडत नाही. पेटी तयार झाल्यावर आठवडाभर ती गच्चीवर सावलीत उघडी ठेवली, वास पूर्ण गेला तेव्हाच गंजिफा आत गेल्या. सासूबाईंनी मत्स्यापासून कल्कीपर्यंत पानं आपल्या हाताने लावली.

त्या कामात असतानाच मला या पदार्थाच्या पूर्वायुष्यातलं एक प्रकरण वाचायला मिळालं. ॲक्रिलिकची शीट १९३० च्या दशकात बाजारात आली, जर्मनीत प्लेक्सिग्लास आणि इंग्लंडमध्ये पर्स्पेक्स या नावांनी. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या वैमानिकांवरची पारदर्शक छतं तिचीच होती. ती फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत तुकडे गेले, आणि हॅरॉल्ड रिडली या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की हे तुकडे डोळ्यात राहूनही शरीर त्यांना फारसा विरोध करत नाही. त्यावरून त्यांनी १९४९ साली लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात पहिली कृत्रिम लेन्स बसवली, याच पदार्थाची. मी सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची फाईल काढून पाहिली. लेन्सच्या स्टिकरवर ‘हायड्रोफोबिक ॲक्रिलिक’ होतं. शीटसारखी कडक नव्हे, मऊ, घडी घालून आत सरकवता येणारी, पण त्याच कुळातली. त्यांना हे वाचून दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ पेटीकडे बघत होत्या.

शेल्फबद्दल थोडक्यात. ६० सें.मी. लांब, २० रुंद, वर वह्या आणि रंगांचे डबे. ५ एम.एम.ची पट्टी काकांनी दोन ठोकळ्यांवर ठेवली तर नुसत्या स्वतःच्या वजनाने मध्ये बाक दिसत होता. ॲक्रिलिक भाराखाली हळूहळू कायमचं वाकत जातं, म्हणजे आज दिसणारा बाक वर्षभराने वाढलेला असतो. ८ एम.एम. घेतली आणि पुढच्या कडेला खाली तोंड करून चार सें.मी.ची उभी पट्टी चिकटवून घेतली. त्या पट्टीने जेवढा फरक पडला तेवढा जाडीनेही पडला नसता. रंग मुलाने निवडला, दुधी पांढरा. त्यावर ओरखडे कमी दिसतात.

पॉलिकार्बोनेटबद्दल अनेक जण विचारतात. ते जवळजवळ फुटतच नाही, म्हणून गॅलरीवरच्या छपराला किंवा मशीनच्या संरक्षक झाकणाला तेच योग्य. पण त्याच्यावर ओरखडे लवकर पडतात आणि लेसरवर ते तपकिरी होतं. घरातल्या पेट्या आणि दारांना मला ॲक्रिलिकच पसंत.

पुसण्याची गोष्ट घरातल्या सगळ्यांना आणि कामाच्या मावशींना वेगळी सांगावी लागली. काच पुसायचा निळा स्प्रे नको, सॅनिटायझर नको, स्पिरिट नको. यांतल्या अल्कोहोलने आणि अमोनियाने बारीक जाळीसारख्या चिरा येतात, विशेषतः कापलेल्या कडांशी, आणि त्या जात नाहीत. वर्तमानपत्राने घासायचंही नाही, कारण कोरड्या धुळीसकट घासलं की ओरखडे. भांड्याच्या साबणाचे दोन थेंब पाण्यात, जुन्या मऊ सुती साडीचा तुकडा, हलका हात. बारीक ओरखडे गाडीच्या रबिंग कंपाऊंडने निघतात, फडताळाच्या दाराच्या खालच्या बाजूला मी ते करून पाहिलं आहे.

उरलेले कटपीस माळ्यावर सपाट ठेवले आहेत. भिंतीला तिरपे टेकवून महिनोन्‌महिने ठेवले की ते तसेच वाकतात. वरचा कागद किंवा फिल्म काढलेली नाही, पण ती अनंत काळ ठेवायचीही नसते, उन्हात तर नाहीच, कारण चिकट थर शीटवरच बसून राहतो आणि मग तो नखाने सोलत बसावं लागतं. एका तुकड्यावर मार्करने ‘५ एम.एम., कास्ट’ असं लिहून ठेवलं आहे. तो लेकीच्या लॅपटॉपच्या स्टँडसाठी काकांकडे जाईल. तारेच्या हीटरवर रेघेत तापवून तिथे वाकवून देतात.